सरळ केलेलं पाणी

“कुणी वाकवला ह्यो? नाव सांगा! आत्ताच्या आत्ता नाव सांगा त्येचं!” आबासाहेबांनी अशी आरोळी ठोकली की कॉलेजच्या फाटकातल्या वडावरचे कावळे उडाले ते थेट जोतिबाच्या डोंगरावर जाऊन बसले आणि दोन दिवस खाली उतरायला तयार होईनात. आबासाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री होती, गळ्यात बैलाला बांधता येईल एवढा गोफ होता, आणि त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला शब्द म्हणजे संस्थेची घटना होती. समोर ट्रकमधून नुकतं उतरवलेलं एक धूड पडलं होतं. मधोमध तांबड्या रंगाचा लोखंडी गोळा, हत्तीनं लाथ मारली तर हत्तीचाच पाय मोडेल असा. त्याला जाड दांड्यांनी जोडलेले दोन लहान पांढरे गोळे. पाण्याचा रेणू. म्हणजे पाण्याचा जो सगळ्यांत बारीक कण, जो देवालासुद्धा चष्म्याशिवाय दिसत नसेल, तो फुगवून फुगवून दोन माणसांच्या उंचीचा केलेला. संस्थेच्या महोत्सवाला कॉलेजच्या दारात पुतळ्याऐवजी काहीतरी वैज्ञानिक बसवायचं ठरलं होतं, आणि अध्यक्षांनी तो स्वतःच्या फौंड्रीत स्वखर्चानं ओतून आणला होता. खरा रेणू असतो तसाच तो आला होता, दोन्ही दांड्या खाली कोनात झुकलेल्या. आणि आबासाहेबांना वाटलं, वाटेत कुणीतरी तो आपटला.

“साहेब, सरांनी चित्र काढून दिल्यालं, तसाच वतलाय की,” फौंड्रीचा मॅनेजर रडवेल्या आवाजात म्हणाला.

“माझ्या फौंड्रीतनं आजपत्तोर वाकडा माल भायेर गेल्याला न्हाय! उद्या समदं कोल्हापूर इथनं जाणार. म्हणंल, आबासाहेबानं लोकं बोलवून मोडकं लोखंड दावलं!” मग त्यांनी मान वळवली. “सर, तुमी सांगा. ह्ये असंच असतंय व्हय?”

ते सर म्हणजे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. ते सर म्हणजे माझे वडील, अण्णा. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुली पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहून बघत होतो, आणि माझी छाती अभिमानानं अशी फुगली होती की ब्लाउजचं एक बटण तुटून पुढच्या मुलीच्या वेणीत अडकलं. कारण मला माहीत होतं, आता अण्णा बोलणार. अण्णा एकदा रेणूंवर बोलायला लागले की भिंतींनासुद्धा नोट्स घ्याव्याशा वाटायच्या.

अण्णांनी घसा साफ केला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तसं पाहिलं तर, आबासाहेब,” ते म्हणाले, “याबाबत दोन मतप्रवाह आहेत.”

“त्यातला सरळ कंचा?”

“आहे ना. सरळही एक आहे.”

“मग त्योच करा की! इतका येळ काय बोळा घातलासा तोंडात?”

झालं. पाणी सरळ करायचं ठरलं. अशी सोय निसर्गाला कोट्यवधी वर्षांत जमली नव्हती.

आबासाहेबांचा मला तेव्हाही राग आला नाही, आजही येत नाही. ज्याला जे ठाऊक नाही ते त्यानं विचारलं. आरडून विचारलं, पण विचारलं. माझा सगळा तिरस्कार राखून ठेवलाय तो ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यासाठी, आणि त्या दिवशी त्या फाटकात ठाऊक असणाऱ्यांची जत्रा भरली होती. भौतिकशास्त्राचे सर होते, ते झाडाची पानं मोजायला लागले. गणिताचे होते, त्यांना कोनाचं काही घेणंदेणं नव्हतं. रसायनशास्त्राचे दोन कनिष्ठ अध्यापक होते, त्यांनी अण्णांकडे बघून माना डोलावल्या, जणू त्या दुसऱ्या मतप्रवाहात ते लहानपणापासून पोहत आले होते.

आता घरात हेच अण्णा कसे होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला मजा कळेल. आमचं घर राजारामपुरीत, गल्लीच्या टोकाला. सकाळी अण्णांनी चहात साखर कमी म्हणून जो आवाज चढवायचा, त्यानं शेजारच्या घरातला माणूस झोपेतून उठून स्वतःच्या चहात साखर घालायचा. भाजीत मीठ, दाराची कडी, वर्तमानपत्राची घडी, सगळ्यांवर त्यांचा निकाल ठरलेला आणि अपील नाही. आई माझी नेसरीची, शेतकऱ्याची लेक. ती हा सगळा गडगडाट पावसाळ्यात म्हैस उभी राहते तशी अंगावर घ्यायची आणि आपल्याला हवं तेच करायची. मला मात्र हे सगळं माफ वाटायचं, कारण संध्याकाळी स्वयंपाकघरात अण्णा रेणू करायला बसायचे.

आई चपात्यांना बसली की अण्णा परातीतली कणीक पळवायचे. कणकेचे गोळे आणि खराट्याच्या काड्या. एका गोळ्यात चार काड्या चार दिशांना अशा खोवायच्या की एकमेकींपासून होईल तेवढ्या लांब राहतील, हा मिथेन. एक काडी काढून घेतली की खाली पसरलेली तिवई, हा अमोनिया. दोन काड्या काढल्या की पाणी. “काडी काढली म्हणून जागा रिकामी झाली असं समजू नकोस,” अण्णा सांगायचे. “तिथं इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी बसलीय. अशा दोन जोड्या ऑक्सिजनच्या डोक्यावर ठाण मांडून बसतात आणि खालच्या दोन्ही हायड्रोजनांना रेटतात. म्हणून पाणी वाकतं. एकशे साडेचार अंशांत.” जोडी, आणि वर पुन्हा एकाकी! ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं आमच्या आई-अण्णांना जवळून पाहिलं असणार. तास संपला की आई ते सगळे गोळे काड्यांसकट हिसकावून घ्यायची. “आन ती हिकडं. आज अमोनियाच्या चपात्या खावा समदी.” चपातीत कधीमधी खराट्याची काडी दाताखाली यायची. आमच्या घरात त्याला कुणी केस निघाल्यासारखं तोंड करत नसे. अण्णा म्हणायचे, बंध राहिला वाटतं एक.

आणि रविवारी मटण. तांबड्या रश्श्यावर तर्री अशी चढायची की पातेल्यात डोकावलं तर भुवया लाल होऊन वर यायच्या. त्या तर्रीवर बोट दाखवून अण्णांनी मला अख्खी ध्रुवीयता शिकवली. ऑक्सिजन हा मोठा ओढखोर प्राणी. दोन्हीकडच्या हायड्रोजनांचे इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे खेचतो. रेणू सरळ असता तर डावीकडची ओढ आणि उजवीकडची ओढ एकमेकींना मारून टाकत्या. दोन सारख्या ताकदीच्या पैलवानांनी समोरासमोर दोर ओढावा आणि दोर जागचा हलू नये, तसं. पण रेणू वाकडा आहे, म्हणून दोन्ही ओढी मिळून एका बाजूला जातात. एक टोक थोडं ऋण, दुसरं थोडं धन. मग एका रेणूचं धन टोक शेजारच्या रेणूच्या ऋण टोकाला चिकटतं, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला, असं सगळं पाणी एकमेकांचे हात धरून बसतं. तेलाला अशी टोकंच नाहीत. ते या फेरात शिरू शकत नाही, म्हणून वर तरंगतं. “समजा, पाणी सरळ असतं तर?” मी एकदा विचारलं होतं. अण्णा वाटी खाली ठेवून म्हणाले, “तर ते पाणी राहिलंच नसतं. हात सुटले असते सगळ्यांचे. हवा झाली असती त्याची.” त्या रात्री मला झोप लागेना. पंचगंगा घाटावरून उठून वाफेसारखी निघून चाललीय, रंकाळ्याच्या खड्ड्यात बदकं बसल्या जागी चक्रावलीत, गुऱ्हाळातला गूळ कशातच विरघळायला तयार नाही, आणि आमचा दूधवाला, ज्याचा सगळा धंदाच पाण्यावर, तो रस्त्यात ओक्साबोक्शी रडतोय, असं सगळं दिसायला लागलं. एवढं सगळं त्या एका वाकण्यावर उभं आहे म्हटल्यावर मी रसायनशास्त्राच्या प्रेमातच पडले. पुढे मी जन्मभर तेच शिकवलं. पण त्याचं श्रेय कुणाला द्यायचं यावर माझं मन अजून स्थिर नाही.

तर फाटकात अण्णांना दुसरा मतप्रवाह का सापडला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आमचे प्राचार्य निवृत्त होत होते. त्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हे एकट्या आबासाहेबांच्या हातात होतं, आणि नाव महोत्सवाच्या समारंभातच जाहीर व्हायचं होतं. अण्णांना ती खुर्ची हवी होती. हवी होती म्हणजे किती? त्यांनी सफारी शिवून आणला होता आणि तो घालून ते आरशासमोर ‘बसा, बसा’ म्हणायची तालीम करत. एकदा मी आत गेले तर मलाही ‘बसा’ म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी कणीक तशीच परातीत राहिली. मी विचारलं, “अण्णा, दोन मतप्रवाह कुठले?”

“ते शिल्प आहे,” अण्णा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले. “शिल्पात कलावंताला स्वातंत्र्य असतं.”

“कलावंत कोण? वेल्डर?”

“शके, फार बोलतेस.”

वेल्डर मात्र खरंच आला. दांड्या गॅसनं कापल्या, सरळ रेषेत धरल्या आणि डागल्या. सांध्यावर दोन्हीकडे लोखंडाची टेंगळं आली, बेशुद्ध पडेपर्यंत कुणाला मारल्यावर येतात तशी. आता तो रेणू पैलवानानं डोक्यावर धरलेल्या वजनासारखा दिसू लागला. आबासाहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, “आता कसं, मानसात आल्यासारकं वाटतंय.”

समारंभात त्या रेणूची माहिती वाचायला अण्णांनी मलाच निवडलं. कारण माझा आवाज. मी बिंदू चौकात शिंकले तर शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांनी ‘शतायुषी हो’ म्हणावं, असा होता तो. भाषण अण्णांनी स्वतः लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं ते मला आजही पाठ आहे: ‘पाण्याचा रेणू हा आबासाहेबांच्या जीवनासारखाच सरळ, साधा आणि पारदर्शक आहे.’ मी म्हटलं, हे नाही वाचणार. आई चुलीपुढून म्हणाली, “वाच गं. सरळ का वाकडं, लोकांस्नी काय कळतंय? तुज्या बाचं काम हूंदे.” तेवढं ऐकल्यावर मी वाचायचं कबूल केलं. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला तेव्हा जड वाटला, असं आता लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं तर मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

समारंभाच्या दिवशी कॉलेजच्या दारात एवढा मांडव घातला होता की पलीकडच्या गावाला ऊन मिळालं नाही. हलगी, तुतारी, फेट्यांचा ढीग. बायकांच्या पहिल्या रांगेत आई इरकली नेसून बसलेली. आणि प्रमुख पाहुणे म्हणून पुण्याहून एक शास्त्रज्ञ डॉक्टर आणले होते. आबासाहेब त्यांना सारखे “पावणं, बसा की पावणं” म्हणत कोपरानं खुर्चीत दाबत होते. हे डॉक्टर म्हणजे काडीला कोट घातल्यासारखे. परदेशात शिकून आलेले, म्हणे. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, आणि डॉक्टर त्या रेणूकडे असे बघत राहिले, जणू कुणी त्यांच्यासमोर तीन पायांची गाय आणून बांधली होती.

मी वाचलं. सरळ, साधा, पारदर्शक, सगळं. आबासाहेबांनी डोळे मिटून मान हलवली. मी कागद घडी करत होते तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले आणि अगदी मृदू, पुण्याच्या आवाजात मला म्हणाले, “छान वाचलंस. एक सांग बाळ, हा सरळ का बरं आहे?”

माझ्यापुढचा माइक चालू होता. त्यामुळे हा प्रश्न मांडवात सगळ्यांना गेला. अण्णा स्टेजवर दुसऱ्या रांगेत सफारीत बसले होते. त्यांनी मान बारीक हलवली: नको. ती मी पाहिली. पण प्रश्न रसायनशास्त्राचा होता, आणि रसायनशास्त्राचा प्रश्न विचारला की उत्तर खरं द्यायचं, हे मला ज्यांनी शिकवलं तेच मान हलवत होते. माझं तोंड त्या शिकवण्याला जास्त सरावलं होतं.

“हा चुकलाय,” मी म्हटलं. “पाणी वाकडं असतं. एकशे साडेचार अंश. ऑक्सिजनवरच्या एकाकी जोड्या रेटतात म्हणून. सरळ असतं तर त्याला टोकं राहिली नसती आणि पाण्याची हवा झाली असती. मला अण्णांनी शिकवलंय. हे माझे अण्णा, विभागप्रमुख.”

हलगीवाल्याचा हात हलगीवरच राहिला. भटारखान्यात रस्सा रटरटलेला मांडवात ऐकू यायला लागला. आबासाहेब खुर्चीतच वळले. या वेळी ते ओरडले नाहीत, आणि ते न ओरडणं फार वाईट होतं. “सर,” ते म्हणाले, “लेक काय म्हणती तुमची? तुमी तर म्हणालासा, सरळ बी हाय.”

अण्णा उठले. माझ्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, घेतला. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग ज्या आवाजात ते घरात मिठावर निकाल द्यायचे, त्याच भरघोस, ठाम आवाजात म्हणाले, “क्षमस्व. मुलगी पहिल्या वर्षाला आहे, तिचा गोंधळ झालाय. घरी मी अमोनिया शिकवत होतो, तो तिच्या डोक्यात राहिला. पाण्याचा रेणू सरळ असतो.”

लाउडस्पीकरवरून ते वाक्य शहरभर गेलं. मला वाटलं, आता पंचगंगेनं तरी ऐकलं असेल आणि ती उठून जाईल. ती गेली नाही. नद्यासुद्धा आपली जागा सांभाळून असतात.

मी डॉक्टरांकडे बघितलं. आता हा माणूस तरी बोलेल. याला ना आबासाहेबांची नोकरी करायची होती, ना आमच्या गल्लीत राहायचं होतं. डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग त्यांच्यासाठी आणलेल्या शालीकडे. “असो,” ते म्हणाले. “कल्पना फार सुंदर आहे.” मग शाल पांघरून घेतली. नंतर पंगतीत हाच काडीएवढा माणूस तीन वेळा पांढरा रस्सा मागून घेताना मी पाहिला. परदेशी शिक्षण मी त्या दिवशी तेवढंच पाहिलं आणि मला ते पुरेसं झालं.

नाव जाहीर झालं. अण्णाच. हार पडले, हलगी पुन्हा सुरू झाली, भौतिकशास्त्राच्या सरांनी अण्णांना मिठी मारली. माझ्या मैत्रिणी माझ्याजवळून हळूहळू सरकल्या. मी एकटीच त्या लोखंडाखाली उभी होते. जाता जाता आबासाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरू नगं पोरी. चुकतंय मानूस. शिक आजून.” एवढं प्रेमानं मला त्या दिवशी दुसरं कुणीच बोललं नाही.

तो रेणू अजून तिथंच आहे. दर पावसाळ्यापूर्वी रंग देतात. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्याच्यासमोर काढलेला सेल्फी पाठवला. आता ती त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी तिला विचारलं, “तुम्ही मुलांना काय सांगता त्याबद्दल?” तिनं हसरा चेहरा पाठवला, दुसरं काही नाही. पिढ्या बदलतात, मतप्रवाह दोनच राहतात.

समारंभाच्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं घरी आलो. अण्णांनी हार खुंटीला अडकवले, सफारी काढून नीट घडी केली. आईनं रस्सा गरम केला, पानं घेतली. तिनं अण्णांचं ताट त्यांच्यापुढं असं ठेवलं की रस्सा वाटीतून उडून सतरंजीवर गेला. मग ती, जिनं अख्ख्या संसारात अण्णांना कधी उलट विचारलं नव्हतं, ती त्यांच्या समोर मांडी घालून बसली.

“काम झालं न्हवं तुमचं?” ती म्हणाली. “झालं. मग भरल्या मांडवात लेकराला खोटं कशापायी पाडलंसा? ‘मला म्हाईत न्हाय’ म्हनायचं. ‘नंतर बघून सांगतो’ म्हनायचं. माजी पोरगी खोटी न्हाय. मला तुमचं रेणूबिणू काय कळत न्हाय, पर पोरगी खोटी न्हाय येवडं कळतंय.”

ज्या माणसाच्या आवाजानं शेजारी चहात साखर घालायचा, तो खाली मान घालून भातात खड्डा करत होता. मी वाट पाहिली. मला माफी नको होती, आणि ती मिळेल असं वाटतही नव्हतं. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं, या चार भिंतींत, जिथं आबासाहेब नव्हते, माइक नव्हता, पुण्याचे पाहुणे नव्हते.

“अण्णा,” मी विचारलं, “पाणी सरळ असतं की वाकडं?”

अण्णांनी भातावर रस्सा ओतला, कालवला, एक घास घेतला आणि गिळून झाल्यावर म्हणाले, “परीक्षेत वाकडंच लिही.”